पाय दाखवण्यापूर्वी पाय पाहावा

हत्तीपाय झालेले माणूस पूर्व विदर्भात दुरूनही ओळखू येते; त्याचा पाय मात्र फार थोड्यांनी पाहिलेला असतो. लुगड्याचा काठ घोट्याखाली ओढलेला असतो, धोतर सैल सोडलेले असते. पुष्कळदा रोग्याने स्वतःही तो पाय वर्षानुवर्षे नीट न्याहाळलेला नसतो. आता हा पाय दूरच्या डॉक्टरला मोबाइलच्या किंवा संगणकाच्या पडद्यावर दाखवण्याची सोय झाली आहे. त्या भेटीची तयारी कशी करावी, हा प्रश्न वरकरणी किरकोळ वाटतो. परंतु अर्धा उपचार त्या तयारीतच आहे.

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा निघाला. धानाच्या बांध्या आणि तलाव ही दोन्ही जिल्ह्यांची ओळख, आणि हत्तीरोगाचा वारसाही दोघांचा एकच. मात्र हा रोग पसरवणारा क्युलेक्स डास तलावापेक्षा गटारात आणि सांडपाण्याच्या डबक्यात वाढतो. रोगाचा जंत डासाच्या शरीरात वाढतो, हे पॅट्रिक मॅन्सन या डॉक्टरने १८७७ मध्ये चीनमध्ये काम करताना दाखवले. माणसाच्या शरीरात हा जंत लसिकावाहिन्यांत ठाण मांडतो. त्या निकामी झाल्या, की लसिका साचते आणि पाय सुजतो. सरकारी मोहिमेत मिळणाऱ्या डीईसी व अल्बेंडाझोलच्या गोळ्या रक्तातले सूक्ष्म जंत कमी करून पुढचा प्रसार रोखतात. बिघडलेल्या वाहिन्या त्या पूर्ववत करीत नाहीत. स्तनाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेनंतर काहींचा हात सुजतो, तीही याच जातीची सूज. दोन्हीकडे रोजची निगा हाच मुख्य उपचार.

ही निगा शिकवणारा डॉक्टर तालुक्याच्या गावी असेलच असे नाही. सालेकसा किंवा देवरीकडच्या आतल्या गावातून गोंदियाला जायचे म्हणजे दिवसाची रोजी बुडते. शिवाय जड पायाने एसटीची पायरी चढायची. केंद्र सरकारची ई-संजीवनी सेवा नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाली. उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी तिच्यामार्फत रोग्याची दूरच्या डॉक्टरशी गाठ घालून देतो. एप्रिल २०२० पासून घरबसल्याही सल्ला मिळू लागला.

पण पडद्यावरच्या डॉक्टरला हात लावता येत नाही. त्याच्या हाताचे काम आधी घरच्यांनी करावे लागते. शिंप्याची टेप घ्यावी. सकाळी उठल्याबरोबर पाऊल, घोटा आणि तेथून वर दर दहा सेंटिमीटरवर घेर मोजून लिहावा. दोन्ही पायांचा लिहावा, म्हणजे फरक कळतो. नडगीवर अंगठा दहा सेकंद दाबून खळगा पडतो का, रात्रभर पाय उंच ठेवल्यावर सूज उतरते का, हेही टिपावे. दिवसाच्या उजेडात पुढून, मागून, तळव्याचे आणि बोटांच्या बेचक्यांचे फोटो काढावेत. चालू औषधांची पाकिटे जवळ ठेवावीत, कारण रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही पाय सुजतात.

सर्वांत महत्त्वाचा हिशेब तापाचा. वर्षात थंडी वाजून ताप किती वेळा आला, जांघेत अवधाण आले का, पाय लाल झाला का, कामाचे किती दिवस बुडाले? बँकेत आरंभीची शिल्लक लिहिल्याशिवाय आम्ही खातेवहीचे पान सुरू करीत नसू; येथेही तोच नियम. हे झटके बहुतेक वेळा जंतामुळे नव्हे, तर कातडीच्या भेगांतून शिरणाऱ्या जिवाणूंमुळे येतात आणि दर झटक्यागणिक सूज वाढते. रोवणीच्या दिवसांत चिखलात उभ्या राहणाऱ्या बाईच्या बेचक्या कुजल्या, की त्यांना वाट मोकळी होते.

भेटीच्या दिवशी खिडकीकडे तोंड करून बसावे, पाय स्टुलावर घ्यावा, मोबाइल धरायला विश्वासाचे माणूस असावे. खोलीत कोण असावे हे रोग्याने ठरवावे. 'दार लावून घ्या' असे म्हणण्याचा बाईला पूर्ण हक्क आहे. पुरुषाला अंडवृद्धी असेल तर त्याने ती लपवू नये. तिच्यावर शस्त्रक्रिया होते. मात्र ताप चढला असेल, पाय लालभडक झाला असेल, एकच पाय अचानक सुजून दुखत असेल किंवा धाप लागत असेल, तर पडद्याची वाट पाहू नये. थेट दवाखाना गाठावा.

एवढी तयारी करणाऱ्याने पाय उघडलेला असतो, धुतलेला असतो, बेचक्या पाहिलेल्या असतात. डॉक्टर याहून फार वेगळे सांगत नाही : रोज साबण आणि साधे पाणी, मऊ फडक्याने बेचक्या कोरड्या करणे, भेगेला मलम, बसताना पाय उंच, घोट्याचा व्यायाम, पायात चप्पल, आणि पट्टी बांधायची ती त्याने शिकवल्याप्रमाणेच. पाय पूर्वीसारखा होईल, असे आश्वासन कुणी देऊ नये. पण वर्षातून चारदा येणारा ताप एकदाच आला, तर रोवणीचे तेवढे दिवस हाती राहतात. धानाच्या मुलखात त्या दिवसांच्या मजुरीवर पुढचे कितीतरी महिने चूल पेटत असते.