बारा तासांची बस

एका शहरात सकाळी धो धो पाऊस पडतो आणि शेकडो किलोमीटर लांबच्या, लख्ख ऊन असलेल्या दुसऱ्या शहरात एक माणूस रोजच्यापेक्षा थोडं कमी धावतो. त्याच्या डोक्यावर ढगाचा ठिपकाही नाही. पाऊस पडलाय तो त्याच्या मित्राच्या गावात!

हे खरोखर मोजलं गेलं आहे. एमआयटीतल्या सिनान अराल आणि ख्रिस्तोस निकोलाइडिस यांनी सुमारे 11 लाख धावणाऱ्यांच्या पाच वर्षांच्या नोंदी तपासल्या आणि 2017 साली निष्कर्ष मांडले. कोण किती धावलं हे लोकांच्या मनगटावरची उपकरणं सांगत होती आणि कोण कुणाचा मित्र तेही नोंदलेलं होतं. अडचण एकच होती. मित्र बरोबरीने धावताना दिसले, तर ते एकमेकांमुळे धावतात की मुळातच एका स्वभावाचे म्हणून मित्र झाले, हे कसं ओळखायचं? इथे त्यांनी हवामानाची मदत घेतली. माझ्या मित्राच्या गावचा पाऊस माझे पाय थांबवू शकत नाही. त्या पावसामुळे मी कमी धावलो असेन, तर तो परिणाम मित्राकडूनच माझ्यापर्यंत आला असला पाहिजे. उत्तर निघालं ते असं: मित्र एक किलोमीटर जास्त धावला, तर त्याच दिवशी आपण सरासरी 300 मीटर जास्त धावतो.

त्याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट मला फार आवडते. जास्त धावणाऱ्यांचा कमी धावणाऱ्यांवर तेवढा परिणाम होत नाही. उलट कमी धावणारे मात्र जास्त धावणाऱ्यांना पळवतात. आपल्याला वाटतं, गटातला सगळ्यात पक्का गडी बाकीच्यांना ओढतो. प्रत्यक्षात, नुकताच धावायला लागलेला जो शेजारी आज चार किलोमीटर करून आला, त्याच्यामुळे तो पक्का गडी उठून बूट घालतो.

हे झालं लांबच्या मित्रांचं. शेजारी शेजारी धावताना तर याहून नवलाच्या गोष्टी घडतात. 16 ऑगस्ट 2009 रोजी बर्लिनमध्ये उसेन बोल्टने शंभर मीटर 9.58 सेकंदांत पार केले. पलीकडच्या लेनमधून धावणारा टायसन गे 9.71 सेकंदांत पोचला. पुढे दोन संशोधकांनी त्या शर्यतीचं चित्रण पाऊल न् पाऊल करून तपासलं. दोघांची उंची वेगळी, ढांगा वेगळ्या, आणि दोघांनाही एकमेकांना हरवायचं होतं. तरी मधूनमधून त्यांची पावलं एकाच तालात पडत होती. त्यांनी ते ठरवलं नव्हतं, त्यांना ते कळलंही नसावं. शेजारी पाऊल वाजलं की आपलं पाऊल त्याच्याकडे कलतं, आणि जगातल्या सगळ्यात वेगवान माणसाचंही तसंच होतं.

या सगळ्याचं मोठ्यात मोठं रूप पाहायचं असेल, तर शर्यतीच्या अगदी शेवटच्या टोकाला जावं लागतं. माझ्या मते ते टोक दक्षिण आफ्रिकेत, पीटरमारिट्झबर्ग आणि डर्बन या दोन शहरांच्या मधल्या डोंगराळ रस्त्यावर आहे. तिथे कॉम्रेड्स मॅरेथॉन होते. नावात मॅरेथॉन असली तरी अंतर दुपटीहून जास्त, 90 किलोमीटरच्या आसपास. साधारणपणे एका वर्षी डर्बनच्या समुद्राकडून वर, दुसऱ्या वर्षी वरून खाली समुद्राकडे. रस्त्यात पाच नावाजलेले चढ आहेत: काउइज, फील्ड्स, बोथाज, इंचांगा आणि पॉली शॉर्ट्स. कटऑफ, म्हणजे पोचण्याची शेवटची मुदत, बारा तासांची. आपल्याकडचे धावणारेही तिथे जातात. मुंबई-पुण्याच्या रनिंग ग्रुपमध्ये कुणी 'यंदा कॉम्रेड्सला जातोय' म्हटलं, की पुढचे कित्येक महिने अख्खा गट त्याच्याबरोबर रविवारी पहाटे घाटात दिसतो. ज्यांना कुठेही जायचं नसतं, तेसुद्धा.

या शर्यतीत मागच्या बाजूला 'बस' धावते. बस म्हणजे माणसांचा घोळका. पुढे असतो ड्रायव्हर. त्याच्या हातात किंवा पाठीवर छोटा झेंडा असतो आणि त्यावर वेळ लिहिलेली असते: 10 तास, 11 तास, 12 तास. त्याला हा रस्ता पाठ असतो. कुठल्या चढावर चालायचं, किती वेळ चालायचं, कुठे पुन्हा पळायला लागायचं, याचा आराखडा त्याच्या डोक्यात तयार असतो. तो ओरडून सांगतो आणि शेकडो माणसं एकदम चालायला लागतात. मग तो उलटे आकडे मोजतो आणि शेकडो माणसं एकदम धावू लागतात. रस्त्यात बसवलेले कॅट्स आय, म्हणजे चमकणारे छोटे उंचवटे, दिसले की पुढून आवाज येतो आणि तो इशारा एकेका ओळीतून मागे पोचवला जातो, कारण गर्दीत मागच्याला पायाखालचं दिसत नाही. पाणी प्लॅस्टिकच्या छोट्या पिशव्यांतून मिळतं. ती दाताने फोडायची, घोट घ्यायचा आणि उरलेलं शेजाऱ्याच्या हातात द्यायचं. वाटेत मीठ लावलेले उकडलेले बटाटेही असतात.

बसमध्ये चढायला तिकीट नाही, नावनोंदणी नाही. शेजारी जाऊन पाऊल जुळवलं की तुम्ही आत. प्रत्येकाच्या बिबवर, म्हणजे अंगावर लावलेल्या क्रमांकाच्या पट्टीवर, त्याचं नाव आणि ही शर्यत त्याने आधी किती वेळा पूर्ण केली तो आकडा छापलेला असतो, पुढेही आणि पाठीवरही. त्यामुळे तासभर ज्याच्या मागे धावलो त्याचा चेहरा पाहिलेला नसला, तरी नाव पाठ झालेलं असतं. 

आता साहजिक प्रश्न: घोळक्यात धावल्याने नेमकं मिळतं काय? पहिलं उत्तर सुचतं ते हवेचं. पुढचा माणूस वारा कापतो, मागच्याचे कष्ट वाचतात. वेगवान धावपटूंच्या बाबतीत ते खरंच आहे. 12 ऑक्टोबर 2019 रोजी व्हिएन्नात एलियुद किपचोगेने 42.195 किलोमीटर 1 तास 59 मिनिटं 40 सेकंदांत पूर्ण केले, तेव्हा वेग धरून देणारे 41 पेसर आळीपाळीने त्याच्याभोवती आकृती करून धावत होते, ते हवेसाठीच. पण त्याचा वेग होता ताशी 21 किलोमीटर. बारा तासांची बस ताशी साडेसात किलोमीटरच्या आसपास असते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, म्हणजे किपचोगेला जेवढी हवा अडवते, त्याच्या आठव्या हिश्श्याइतकीच बसमधल्या माणसाला. इतक्या कमी वाऱ्यापासून आडोसा मिळून असं काय मोठं साधणार? फायदा दुसरीकडेच आहे.

तो कुठे आहे याचा एक धागा ऑक्सफर्डमध्ये सापडतो. तिथल्या विद्यापीठाच्या वल्हवणाऱ्या संघातल्या 12 तरुणांवर एम्मा कोहेन, रॉबिन डनबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. तरुणांनी वल्हवण्याच्या यंत्रावर 45 मिनिटं व्यायाम केला, एकदा एकट्याने आणि एकदा गटाने मिळून एका तालात. व्यायामाआधी आणि नंतर त्यांच्या दंडाला रक्तदाब मोजायचा पट्टा बांधून तो आवळत नेला. 'आता दुखतंय' असं तरुण कधी म्हणतो ते पाहिलं. मेंदूत पाझरणारं एंडॉर्फिन रक्तात नीट मोजता येत नाही. ते वेदना बोथट करतं, म्हणून वेदना किती सोसली यावरून त्याचा अंदाज बांधायचा. एकट्याने वल्हवल्यावरही सोसण्याची ताकद वाढली, पण मिळून वल्हवल्यावर ती कितीतरी जास्त वाढली. आणि दोन्ही वेळा लावलेला जोर सारखाच होता! तेवढेच कष्ट, तेच स्नायू, तोच घाम, फक्त शेजारी त्याच तालात हलणारी माणसं, आणि दुखणं कमी. प्रयोग 12 जणांचाच, त्यामुळे त्यावर फार मोठी इमारत बांधू नये हे मला मान्य आहे. पण 70 किलोमीटर झाल्यावर, पोटऱ्यांत गोळे येत असताना, बसमधला माणूस 'अजून दुखतंय, पण चालेल' म्हणतो तेव्हा त्याच्या शरीरात काय चाललं असेल, याची खिडकी इथे किंचित उघडते.

दुसरा फायदा डोक्याचा आहे. एकट्याने इतकं अंतर धावणारा सतत हिशेब करत असतो: किती झालं, किती राहिलं, आता चालू का, चाललो तर वेळेत पोचेन का. थकलेल्या मेंदूला भागाकार जमत नाही आणि भीती मात्र उत्तम जमते. बसमध्ये हा सगळा हिशेब ड्रायव्हरने उचललेला असतो. बाकीच्यांनी फक्त त्याच्यावर विसंबायचं. आणि हा ड्रायव्हर कोण? बऱ्याचदा याहून पुष्कळ वेगाने पोचू शकेल असा माणूस. त्याने स्वतःचा दिवस या अनोळखी लोकांना वेळेत पोचवण्यासाठी दिलेला असतो. मला या शर्यतीतला खरा वीर तोच वाटतो. त्याचं नाव निकालात हजारो नावांच्या खाली असतं.

बस गाते. सुरुवातीच्या रेषेवर हजारो माणसं मिळून जे 'शोशोलोझा' म्हणतात, ते वाटेतही पुन्हा पुन्हा उठतं. हे मुळात कष्टकऱ्यांचं गाणं. खाणींत राबायला परमुलखात आलेले मजूर ते म्हणत: एकाने ओळ टाकायची आणि बाकीच्यांनी उचलायची. आपल्याकडे कापणीला भलरी म्हणतात तेव्हा पातीतल्या सगळ्यांचे विळे जसे एका तालात चालतात, तसेच इथे पाय चालतात. धावताना गाण्याचा आणखी एक उपयोग आहे. ज्याला गाता येतंय त्याचा श्वास अजून त्याच्या ताब्यात आहे. गाणं तुटायला लागलं की ड्रायव्हरला न विचारताही कळतं, बस जास्त पळतेय.

आणि रस्त्याच्या कडेला उभी असलेली माणसं? त्यांचं काय होतं, हे स्पेनमधल्या सान पेद्रो मान्रिके गावात दिसलं. तिथे दरवर्षी उन्हाळ्यातल्या एका रात्री गावकरी निखाऱ्यांवरून चालतात. निखाऱ्यांवर चालणारे आणि बघणारे यांच्या हृदयाचे ठोके संशोधकांनी नोंदवले. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, चालणाऱ्याच्या ठोक्यांचा चढउतार आणि कडेला निवांत उभ्या असलेल्या त्याच्या नातेवाइकाच्या किंवा मित्राच्या ठोक्यांचा चढउतार एकमेकांशी जुळत गेले. परगावाहून आलेल्या प्रेक्षकांचे मात्र जुळले नाहीत. म्हणजे बायको, भाऊ किंवा मैत्रीण रस्त्याकडेला पाण्याची बाटली घेऊन वाट पाहत उभी असते, तेव्हा तिचं हृदयही बहुधा तो चढ चढत असतं.

हे आपलेपण या शर्यतीत पहिल्यापासून सगळ्यांना मिळालं असं मात्र नाही, आणि ते सांगितलंच पाहिजे. पीटरमारिट्झबर्ग हे तेच गाव, जिथल्या स्टेशनावर 7 जून 1893 च्या रात्री गांधीजींना पहिल्या वर्गाच्या डब्यातून उतरवलं गेलं. कॉम्रेड्सची कल्पना व्हिक क्लॅपहॅम या रेल्वे इंजिन ड्रायव्हरची. पहिल्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेत मैलोन् मैल पायपीट केलेल्या या माणसाला मेलेल्या सोबत्यांचं स्मारक दगडाचं नको होतं, तसेच कष्ट सोसून केलेलं हवं होतं. 24 मे 1921 रोजी पहिल्या शर्यतीत 34 जण निघाले आणि 16 पोचले. पण अधिकृत प्रवेश फक्त गोऱ्या पुरुषांना. 1923 मध्ये फ्रान्सेस हेवर्ड या स्त्रीचा अर्ज नाकारला गेला. तरी ती धावली आणि 11 तास 35 मिनिटांत पोचली. पदक नाही मिळालं, पण बरोबर धावलेल्यांनी आणि बघ्यांनी वर्गणी काढून तिला चांदीचा चहाचा संच दिला. 1935 मध्ये रॉबर्ट म्त्शाली हा कृष्णवर्णीय धावपटूही असाच नोंदीबाहेर धावला. स्त्रियांना आणि सर्व वर्णांच्या धावपटूंना दार उघडलं ते थेट 1975 मध्ये. धावणाऱ्यांनी 1923 सालीच जिला आपलं मानलं होतं, तिच्यासारख्यांना आपलं म्हणायला नियमांना आणखी 52 वर्षं लागली. आज बसमध्ये झुलू खाणकामगार, डर्बनचा गुजराती दुकानदार, जोहान्सबर्गची शिक्षिका आणि पुण्याहून गेलेला इंजिनिअर खांद्याला खांदा लावून धावत असतील, तर त्या दृश्यामागे हा इतिहास आहे.

बारा तास पूर्ण होताच शर्यत संपते. एक अधिकारी येणाऱ्या धावपटूंकडे पाठ करून उभा राहतो, म्हणजे कुणाचा चेहरा पाहून त्याचा हात डळमळणार नाही, आणि ठरल्या सेकंदाला बंदुकीचा बार काढतो. त्यानंतर एका पावलाने उशीर झाला तरी पदक नाही. शेवटच्या काही मिनिटांत काय दिसतं? दंडात दंड अडकवून येणाऱ्या ओळी, कोसळलेल्याला दोन्ही बाजूंनी उचलून चालणारे अनोळखी लोक, आणि ज्यांना एकट्याने आरामात पोचता आलं असतं तेही त्यात. आधीच पोचलेले हजारो लोक मैदानात थांबून घसा फुटेस्तोवर ओरडत असतात.

पदकं वेळेप्रमाणे वेगवेगळी आहेत. पहिल्या वर्षीचा विजेता बिल रोवन 8 तास 59 मिनिटांत पोचला होता, म्हणून नऊ तासांच्या आत येणाऱ्यांतल्या एका गटाला त्याच्या नावाचं पदक मिळतं. संस्थापक क्लॅपहॅमचं नाव मात्र अकरा ते बारा तासांत येणाऱ्यांच्या पदकाला दिलेलं आहे, म्हणजे बारा तासांच्या बसमधल्यांच्या. शर्यत जन्माला घालणाऱ्याची आठवण सगळ्यात मागून येणाऱ्यांच्या गळ्यात! पहिल्यांदा धावलेला माणूस लगेच पुढच्या वर्षीही धावून पोचला, तर त्याला आणखी एक पदक असतं, सलग दोन वर्षांचं. त्यामुळे जूनमध्ये पाय धरून जिना उतरणारे नवखे त्याच आठवड्यात एकमेकांचे फोन नंबर घेऊन पुढच्या वर्षीच्या चढ-उताराचं नियोजन करायला लागतात, आणि त्यातलाच एखादा काही वर्षांनी हातात झेंडा घेतो.