लाइटने दातातले जंतू मारताना गर जगतो का?



दाताच्या खासगी दवाखान्यात आता कुठं कुठं ‘लाइट मारून जंतू संपवू’ असं सांगितलं जातं. त्याचे वेगळे पैसेही लागतात. म्हणून हा उपचार काय आहे, ते आधी समजून घेऊ.

दाताच्या आत मऊ गर असतो. आपण त्याला ‘नस’ म्हणतो; पण त्यात नसांसोबत रक्तवाहिन्या आणि दात घडवणाऱ्या जिवंत पेशीही असतात. या उपचारात किडीच्या जागी मिथिलीन ब्लूसारखा रंग सोडतात, थोडं थांबतात आणि ठरावीक लाल प्रकाश टाकतात. रंग प्रकाश शोषून घेतो आणि जवळच्या ऑक्सिजनला इतका तिखट करतो की जंतू फुटतात. याचं मूळ जुनं आहे. १९०० च्या सुमारास जर्मनीत म्युनिकला ऑस्कर राब या विद्यार्थ्याला दिसलं, की रंग मिसळलेल्या पाण्यातले सूक्ष्मजीव उजेडात लवकर मरतात.

हा तिखट ऑक्सिजन क्षणभरच टिकतो, लांब जात नाही. रंगही माणसाच्या पेशींपेक्षा जंतूंना लवकर चिकटतो. म्हणून मात्रा बेताची असली तर जंतू मरतात आणि गराच्या पेशी बऱ्याच अंशी वाचतात. पण रंग घट्ट झाला किंवा प्रकाश जास्त वेळ पडला, तर त्या पेशीही मरतात. सुरक्षितता मात्रेवर आहे, मशीनवर नाही.

लहान मुलांत याला फार महत्त्व आहे. पक्का दात हिरडीतून आल्यावरही त्याचं मूळ पूर्ण व्हायला साधारण तीन वर्षं लागतात. तेवढ्यात दात पडून फुटला किंवा किडला आणि मुळाजवळच्या पेशी मेल्या, तर मूळ अर्धवट राहतं. नेहमीचं जंतुनाशक द्रावणही अशा दातात डॉक्टर सौम्य करूनच वापरतात, ते याचसाठी.

माता-भगिनींनो, डॉक्टरांना हे विचारा:

• हा उपचार कीड काढून, दात धुऊन झाल्यावर वरून करणार, की त्याच्याऐवजी? तो जोडीला असतो, बदली नाही.
• रंग कोणता, प्रकाश किती वेळ? दातावर निळा डाग राहील का?
• डोळ्यांना संरक्षक चष्मा देणार का?
• याच्याशिवाय साध्या उपचारानं दात वाचेल का?

गरोदर असाल, मानसिक आजाराच्या गोळ्या चालू असतील किंवा घरात जी-सिक्स-पीडी कमतरता असेल, तर मिथिलीन ब्लू वापरण्याआधीच सांगा.

हळदीतल्या कर्क्युमिनवरही निळ्या प्रकाशासोबत प्रयोग झाले आहेत. पण म्हणून किडलेल्या दाढेत हळद भरून उन्हात बसू नका, मोबाइलची बॅटरीही मारू नका. त्यानं कीड जात नाही, उपचाराला उशीर तेवढा होतो. तंबाखू, मिश्री दाबून ठेवणं तर त्याहून वाईट.

जळकोटच्या वस्तीतून उदगीर-लातूरला जायचं म्हणजे रोज बुडतो, हे खरं. म्हणून ठणका लागायच्या आधीच पाहा. शाळेत, अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं. दातांची तपासणी त्यांच्या कामातच आहे. मुलांना त्या दिवशी घरी ठेवू नका. मोठ्या उपचारासाठी लातूरला दंत महाविद्यालय आहे.

तथागतांनी कालामांना शिकवलं, की कुणी मोठा सांगतो म्हणून मानू नका, पारखून घ्या. दवाखान्याच्या खुर्चीत बसतानाही तेच करायचं. प्रश्न विचारणं हा उद्धटपणा नाही, तो आपला हक्क आहे.