युरेनियम पाण्याबरोबर येतं, पाण्याबरोबर जातंही

युरेनियमचा साठा म्हटलं की पृथ्वीच्या पोटातली आग, लाव्हा असं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. पण जगातलं बरंचसं युरेनियम चक्क गार भूजलाने जुन्या नद्यांच्या वाळूत नेऊन ठेवलंय.

मी राहते त्या बर्नाबीचा डोंगर अशाच नदीतल्या वाळू-गोट्यांच्या खडकाचा आहे. (घाबरू नका, त्यात युरेनियमचा साठा नाही!) साठा आहे तो गाडीने चार-पाच तासांवर, केलोना शहराच्या आग्नेयेला. त्याचं नाव ब्लिझर्ड.

सुरुवात होते ग्रॅनाइटपासून. त्याच्या दहा लाख भागांत युरेनियम जेमतेम ४-५ भाग. पावसाचं पाणी हवेतला ऑक्सिजन घेऊन त्याच्या भेगांत झिरपतं. लोखंड गंजलं की तो गंज पाण्यात विरघळत नाही. युरेनियमचं नेमकं उलट. ऑक्सिजन मिळाला की ते कार्बोनेटशी जोडी जमवून विरघळतं आणि भूजलाबरोबर चालू लागतं. पुढे वाळूत गाडली गेलेली खोडं, पानं लागतात. ती कुजताना सूक्ष्मजीव ऑक्सिजन संपवून टाकतात. मग युरेनियमला इलेक्ट्रॉन परत मिळतात आणि ते वाळूच्या कणांमध्ये बसकण मारतं. लाखो वर्षं हेच चाललं की साठा तयार! मेघालयातल्या डोमियासियाटचा साठाही वालुकाश्मातलाच. ब्लिझर्डमध्ये मात्र फॉस्फेटनेही बरंच युरेनियम धरून ठेवलंय.

त्या नदीपात्रावर सुमारे ५० लाख वर्षांपूर्वी बेसॉल्टचा थर पसरला, म्हणजे आपल्या सह्याद्रीचाच काळा दगड. हे छप्पर नसतं तर खालची सुटी वाळू केव्हाच धुऊन गेली असती.

कझाकस्तानात हीच क्रिया उलटी फिरवतात: वालुकाश्मात आम्ल सोडायचं, विरघळलेलं युरेनियम पंपाने वर काढायचं. जगातलं सुमारे ४० टक्के उत्पादन तिथलं आहे. ब्लिझर्डच्या परिसरातल्या लोकांना मात्र आपल्या पाण्याची धास्ती होती. ब्रिटिश कोलंबिया सरकारने १९८० मध्ये सात वर्षांसाठी युरेनियम खाणकाम थांबवलं, २००८ मध्ये पुन्हा दार बंद केलं आणि २०११ मध्ये हक्कदार कंपनीला ३ कोटी डॉलर देऊन वाद मिटवला. लोकांची धास्ती मला तरी अवाजवी वाटत नाही.

अर्थात खाण नसली तरी पाणी ग्रॅनाइटमधून झिरपतंच. त्या बाजूला विहिरीचं घर घेत असाल तर पाण्यातलं युरेनियम तपासून घ्या. कॅनडातली मर्यादा लिटरला २० मायक्रोग्राम आहे. आणि हो, पाणी उकळून उपयोग नाही. पाणी आटतं, युरेनियम तिथेच राहतं.