मेजरचं घर आणि व्हॅल्युअरची टेप

सिल्लोडच्या आसपासच्या खेड्यांत फौजेतून पेन्शनीवर आलेल्या माणसाला सगळे ‘मेजर’च म्हणतात; मग तो शिपाई म्हणून निवृत्त झालेला असो की सुभेदार म्हणून. मेजर परत येतो तेव्हा त्याचं वय बहुधा चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे असतं. मुलं शाळेत असतात, आईवडील गावात असतात, आणि हातात फंड, ग्रॅच्युइटी आणि पेन्शन विकून मिळालेली एकरकमी रक्कम असते. सैन्यात निम्म्यापर्यंत पेन्शन विकता येते आणि ती पूर्ववत व्हायला 15 वर्षं लागतात. एवढे पैसे एकदम पुन्हा हातात येणार नाहीत हे घरात सगळ्यांना माहीत असतं. त्यामुळे मुलांच्या शाळेसाठी तालुक्याला घर घ्यायचं, हा विषय पहिल्याच महिन्यात निघतो. उरलेल्या रकमेसाठी ज्या बँकेत पेन्शन जमा होते तीच बँक कर्ज देते, कारण हप्ता त्याच खात्यातून वळता होतो. स्टेट बँकेची तर सैनिकांसाठी ‘शौर्य’ नावाची वेगळी गृहकर्ज योजनाच आहे.

मग एक दिवस बँकेचा माणूस घर बघायला येतो. हा लेख त्या माणसाच्या कामाबद्दल आहे.

त्याला सगळे व्हॅल्युअर म्हणतात. बहुधा तो सिव्हिल इंजिनिअर असतो आणि छत्रपती संभाजीनगरहून जळगाव रस्त्याने आलेला असतो. त्याच्या शिक्क्यावर संपत्ती कर कायद्याच्या 34एबी कलमाखालचा नोंदणी क्रमांक असतो. गंमत अशी की संपत्ती कर 2015 च्या अर्थसंकल्पात रद्द झाला, पण त्या कायद्याखालच्या नोंदणीला बँकांच्या पॅनेलवर अजून मान आहे. कंपनी कायद्याखाली 2017 मध्ये नवे नियम आले, परीक्षा आली. तरी जुना शिक्का टिकून आहे.

व्हॅल्युअर आधी कागद मागतो. खरेदीखत, सूची क्रमांक 2, अकृषिक आदेश, मंजूर रेखांकन, बांधकाम परवानगी, नगरपरिषदेचा मालमत्ता कराचा उतारा. घर खेड्यात असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना 8. नंतर चतुःसीमा. पूर्वेला कोण, पश्चिमेला काय, हे कागदावरचं आणि जागेवरचं जुळतं का ते तो बघतो. वीज मीटरचा नंबर टिपतो, टेप किंवा लेझर मीटर लावून लांबी-रुंदी घेतो, मालकाला दारात उभं करून मोबाइलवर फोटो काढतो. फोटोवर अक्षांश-रेखांश आणि वेळ आपोआप उमटते. शेजाऱ्याला किंवा कोपऱ्यावरच्या दुकानदाराला जागेचा भाव विचारतो. चहा होतो, आणि तो पुढच्या साइटला निघून जातो.

खरं काम टेबलावर होतं. जमिनीचा भाव वेगळा, बांधकामाचा वेगळा. आरसीसी बांधकामाचं आयुष्य साधारण 60 वर्षं धरतात, शेवटी 10 टक्के मूल्य भंगाराचं म्हणून राखतात आणि बाकीचं वयाप्रमाणे घासत नेतात. समजा 900 चौरस फुटांचं घर 20 वर्षांचं आहे आणि आज नवं बांधायला फुटाला 1,500 रुपये लागतील. म्हणजे साडेतेरा लाख; त्यातून 30 टक्के घसारा गेला की उरतात 9 लाख 45 हजार. त्यात प्लॉटची किंमत मिळवायची. अहवालात मात्र आकडा एक नसतो. रेडी रेकनरचं मूल्य, बाजारमूल्य, वसूल होण्याजोगं मूल्य आणि निकडीच्या विक्रीचं मूल्य असे वेगवेगळे आकडे असतात. शेवटचे दोन वाचले की अहवाल कुणासाठी लिहिलाय ते कळतं. हप्ते थकले, घर लिलावात काढलं, तर किती वसूल होईल? बँकेने विचारलेला प्रश्न एवढाच असतो, आणि व्हॅल्युअर त्याचं उत्तर प्रामाणिकपणे देतो.

मेजर मात्र वेगळंच समजतो. ‘बँकेने पास केलं म्हणजे घर चांगलंच असणार’ असं तो भावाला सांगतो. तपासणीची फी त्यानेच भरलेली असते, त्यामुळे तपासणी आपल्यासाठीच झाली असं त्याला वाटणं साहजिक आहे. अहवालाची प्रत मात्र त्याने मागितल्याशिवाय बहुधा त्याच्या हातात पडत नाही.

सिल्लोडमध्ये या गैरसमजाची किंमत मोजावी लागते ती काळ्या मातीमुळे. ही कापसाची जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाया मुरमापर्यंत किंवा खडकापर्यंत नेला नसेल तर घर दर वर्षी थोडं वर-खाली होतं. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर निघते, जोत्याभोवतीची फरशी भिंतीपासून सुटते, पायऱ्या एका अंगाला कलतात. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने अशाच जमिनीसाठी तळाशी फुगीर असलेल्या पाइलची पद्धत विकसित केली, पण तालुक्यातल्या दोन खोल्यांच्या घराला ती कोण वापरणार? इथे मिस्त्रीच्या अंदाजाने खणतात. ज्याला विकायचंय तो दिवाळीच्या सुमाराला चिरा पुट्टीने बुजवून रंग देतो. व्हॅल्युअर आला तर त्याला रंगवलेली भिंत दिसते. ‘बांधकामाची स्थिती’ या रकान्यात तो ‘चांगली’ लिहितो, आणि डोळ्यांना दिसलं तेवढ्यापुरतं ते खरंही असतं. पाया किती खोल आहे, हा रकानाच त्या नमुन्यात बहुधा नसतो.

जुन्या गावठाणातलं माळवदाचं घर असेल तर प्रश्न आणखी वेगळे. लाकडी तुळया, वर पांढऱ्या मातीचा जाड थर, खाली दगडमातीच्या रुंद भिंती. उन्हाळ्यात याच्यासारखं थंड घर नाही. पण तुळईचं भिंतीत शिरलेलं टोक ओलीने कुजलंय की वाळवीने पोखरलंय, हे बाहेरून कळत नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपात अशाच दगडमातीच्या भिंती आणि जड माळवदं माणसांच्या अंगावर आली. अशा घरांना बँका सहसा हातच लावत नाहीत, त्यामुळे तिथे मेजर पूर्ण रोखीने घेतो आणि घराकडे कुणाचीच नजर जात नाही. व्हॅल्युअरचीसुद्धा.

अमेरिकेत याच कामाला वेगळं वळण मिळालं. तिथे 1944 च्या कायद्याने युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या गृहकर्जाला सरकारने हमी दिली. हमी सरकारची, त्यामुळे मूल्यांकन करणारा माणूसही सरकारी यादीतला; तो पाळीपाळीने नेमला जातो, कर्ज देणाऱ्या बँकेला आपल्या पसंतीचा निवडता येत नाही. तो किंमत ठरवतोच, शिवाय घर राहायला सुरक्षित, भक्कम आणि आरोग्याला बाधक नसलेलं आहे का हेही किमान निकषांवर बघतो. छप्पर, वायरिंग, पाणी, जिथे धोका असेल तिथे वाळवी. तरीसुद्धा सैनिक कल्याण खातं खरेदीदाराला बजावतं की ही संपूर्ण तपासणी नव्हे, स्वतःचा निरीक्षक वेगळा नेमा.

मला त्या व्यवस्थेतली सगळ्यांत मोलाची गोष्ट वेगळीच वाटते. ठरलेल्या किमतीपेक्षा मूल्य कमी निघणार असं दिसलं, तर मूल्यांकन करणाऱ्याने आधी तसं कळवायचं आणि जास्तीचे पुरावे द्यायला दोन दिवस द्यायचे. त्यानंतरही कमीच आलं, तर सैनिकाला व्यवहारातून माघार घेता येते आणि त्याचा इसार बुडत नाही. हे कलम करारात असावंच लागतं.

आपल्याकडे माजी सैनिक म्हणून गृहकर्जाला अशी हमी नाही. मदत आहे, पण ती तुकड्यातुकड्यांनी. युद्धात अपंगत्व आलेल्या सैनिकांना आणि शहिदांच्या कुटुंबांना केंद्रीय सैनिक बोर्डामार्फत घराच्या कर्जावरच्या निम्म्या व्याजाची परतफेड मिळू शकते. त्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज करायचा. घर झाल्यावर राज्याच्या 2020 च्या बाळासाहेब ठाकरे सन्मान योजनेतून माजी सैनिकाला घरपट्टी माफ होते. म्हणजे कर्ज घेतल्यावर काहींना व्याजात मदत, घर झाल्यावर कराची सूट. त्याआधीच्या टप्प्यावर, जिथे घर बघायचं आणि किंमत ठरवायची, तिथे मेजर एकटाच.

त्याची कोंडी आकड्यांत बघा. सौदा 24 लाखांना ठरला, 2 लाख इसार दिला. व्हॅल्युएशन आलं 20 लाखांचं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने 30 लाखांपर्यंतच्या कर्जाला मूल्याच्या जास्तीत जास्त 90 टक्के देता येतात, म्हणजे 18 लाख. इसार धरून उरलेले 6 लाख आणि वर मुद्रांक शुल्क घरातून काढायचे, नाहीतर इसारावर पाणी सोडायचं. त्यात विकणारा म्हणतो, खत रेडी रेकनरच्या भावाने करू, वरचे रोख द्या. बँक खतातली किंमत आणि व्हॅल्युएशन यांतली कमी ती धरते, त्यामुळे कर्ज आणखी खाली येतं. फौजीचा तर सगळा पैसा बँकेतून आलेला, पै-पैचा हिशेब असलेला. तोच आता पिशवीत घालून द्यायचा.

गुंठेवारीतल्या प्लॉटवर वेगळाच तिढा. तुकडेबंदीचा कायदा 1947 चा. जुलै 2021 मध्ये नोंदणी महानिरीक्षकांनी लहान तुकड्यांच्या दस्तांवर बंधन आणणारं परिपत्रक काढलं, आणि 2022 मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ते रद्द ठरवलं. तरी बँकेचा वकील अकृषिक आदेश मागतोच. व्हॅल्युअरही अशा प्लॉटवर ‘नियमित करून घेतल्याचा दाखला आणा’ असा शेरा मारून मोकळा होतो.

उपाय फार मोठे नाहीत. व्हॅल्युअर येण्याच्या आधी स्वतःच्या खर्चाने एक स्थानिक इंजिनिअर नेऊन आणावा. त्याला रंगाच्या आतल्या चिरा, गच्चीची गळती, टाकीखालची ओल बघायला सांगावं, आणि शेजारच्या प्लॉटवर विहीर किंवा बोअर खणताना मुरूम किती फुटांवर लागला ते विचारायला सांगावं. जमलं तर मे महिन्यात एकदा घर बघावं. बँकेकडे अहवालाची प्रत लेखी मागावी. आणि इसार पावतीत एक ओळ लिहून घ्यावी: बँकेचं मूल्यांकन ठरलेल्या किमतीपेक्षा कमी आलं, तर इसार परत.

या ओळीला विकणारा सहसा तयार होत नाही. त्याच्याकडे रोख घेऊन येणारं दुसरं गिऱ्हाईक असतं, बऱ्याचदा मिरची किंवा कापूस विकून आलेलं, ज्याला बँकही नको आणि व्हॅल्युअरही नको. तरी पाच हजार रुपये वाढवून किंवा महिन्याची मुदत घालून ओळ मान्य होते, असंही घडू शकतं. सौद्यात पहिल्याच बैठकीला मागितली तर. इसार दिल्यावर मागितली, तर दस्त लिहिणारासुद्धा मान वर करून बघत नाही.