विकत घेतलेल्या गाण्यांची किल्ली

ग्रामोफोनच्या काळात तबकडीचा व्यवहार दुकानाच्या उंबऱ्यावरच पुरा होत असे. ती कोणत्याही कारखान्याच्या यंत्रावर वाजवावी, स्नेह्यांना ऐकावयास द्यावी, जुनी झाल्यावर विकावी किंवा मुलाबाळांसाठी कपाटात जपून ठेवावी, यासाठी कंपनीची पुन्हा परवानगी घेण्याचे कारण उरत नसे. संगीत संगणकावर आले तेव्हा हा पिढ्यान्‌पिढ्या रूढ असलेला हक्क ग्राहकाच्या हातून गाजावाजा न होता निसटला, आणि त्याची जाणीव त्याला बहुधा जुने यंत्र बदलण्याच्या दिवशीच झाली.

२८ एप्रिल २००३ रोजी ॲपलने अमेरिकेत आयट्यून्सचे संगीत-दुकान उघडले आणि ९९ सेंटमध्ये एकेक सुटे गाणे घरबसल्या, कायदेशीरपणे मिळू लागले. ही सोय निःसंशय मोठी होती. परंतु ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या आग्रहास्तव प्रत्येक गाणे ‘फेअरप्ले’ नावाच्या कुलूपबंद सांकेतिक रूपात दिले जाई. त्याची किल्ली ग्राहकाच्या खात्याशी बांधलेली असे. गाणे आरंभी तीन आणि पुढे पाच संगणकांवर चाले, आणि खिशातल्या यंत्रांपैकी जवळजवळ केवळ ॲपलच्याच आयपॉडवर वाजे. मायक्रोसॉफ्टने २००४ मध्ये निराळी व्यवस्था उभारून, ‘प्लेजफॉरशुअर’ ही मुद्रा असलेल्या नाना कारखान्यांच्या यंत्रांवर आपल्या पद्धतीची गाणी वाजतील, अशी हमी दिली. पण २००६ मध्ये त्याच कंपनीने ‘झून’ हे स्वतःचे यंत्र बाजारात आणले, तेव्हा त्या हमीवर घेतलेली गाणी झूनवर वाजेनात.

खरा अन्याय उघडा पडला तो २००८ मध्ये. मायक्रोसॉफ्टचे एमएसएन म्युझिक हे दुकान आधीच बंद झाले होते. आता ३१ ऑगस्टनंतर नव्या किल्ल्या देणारे संगणकही थांबतील, असे ग्राहकांना कळविण्यात आले. म्हणजे गाणी आज आहेत त्या संगणकावर वाजत राहतील, परंतु तो संगणक बिघडला किंवा त्याची कार्यप्रणाली बदलली, की रोख दाम मोजून जमविलेला सारा संग्रह मुका होईल. तीव्र नाराजी उसळल्यावर ही मुदत २०११ अखेरपर्यंत वाढविण्यात आली. याहूनेही २००८ मध्येच आपले संगीत-दुकान मिटविले आणि ग्राहकांना गाणी सीडीवर उतरवून ठेवण्याचा सल्ला दिला. पैसे भरलेल्या माणसाने आपलीच वस्तू वाचविण्यासाठी ही यातायात का करावी, याचे समाधानकारक उत्तर मला आजवर सापडलेले नाही.

चौर्याची भीती निराधार नव्हती, हे मान्य केलेच पाहिजे. १९९९ मध्ये अवतरलेल्या, गाणी परस्पर फुकट वाटून घेण्याची सोय करणाऱ्या नॅपस्टरने कंपन्यांची झोप उडविली होती. तथापि कुलूप चोराला अडवीत नव्हते. ६ फेब्रुवारी २००७ च्या खुल्या पत्रात ॲपलचे प्रमुख स्टीव्ह जॉब्स यांनीच दाखवून दिले, की २००६ मध्ये कुलूपबंद गाणी दोन अब्जांहून कमी विकली गेली, तर कुलपाविना, सीडींवर, वीस अब्जांहून अधिक. जाच सोसला तो केवळ प्रामाणिक गिऱ्हाइकाने. जानेवारी २००९ मध्ये ॲपलने कुलपे काढण्याचे जाहीर केले, तेव्हाही पूर्वी घेतलेल्या गाण्याचे कुलूप काढून घ्यावयाचे, तर दर गाण्यामागे आणखी ३० सेंट भरावे लागत.

आता मासिक वर्गणीचे युग आहे. मोबाइलमध्ये ‘डाउनलोड’ केलेली गाणी वर्गणी थांबताच वाजेनाशी होतात, आणि कंपन्यांमधील करार संपला, की वर्गणी चालू असतानाही एखादे गाणे यादीतून नाहीसे होते. वर्गणीदाराला निदान आपण भाडे भरतो आहोत हे ठाऊक असते. खरेदीच्या नावाखाली परवाना देणे हे त्याहून गंभीर आहे. कॅलिफोर्निया राज्याने १ जानेवारी २०२५ पासून अंमलात आणलेल्या कायद्यान्वये, जी डिजिटल वस्तू पुढे काढून घेतली जाऊ शकते, ती विकताना आपण केवळ परवाना देत आहोत, हे विक्रेत्याने ग्राहकास स्पष्ट सांगावे लागते. आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात ६५-अ हे कलम घालून, हक्कभंगाच्या हेतूने असे कुलूप तोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद झाली. कुलूप घालणाऱ्यावरही कॅलिफोर्नियासारखे बंधन घालणारे कलम २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तितक्याच स्पष्ट शब्दांत दाखल व्हावयास हवे.