वाटेवरच्या शेतकऱ्यासाठी मोबाईल इंटरनेट : निवड व नियोजन

शेती हा एका जागी स्थिर राहून करावयाचा व्यवसाय आहे, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात आपल्या राज्यातील कितीतरी शेतकरी कुटुंबांचे वर्षातील काही दिवस, तर काहींचे काही महिने वाटेवरच जातात. नाशिकची द्राक्षे व कांदा, रावेर-यावलची केळी, वरुड-मोर्शीची संत्री घेऊन बागायतदार परराज्यातील बाजारपेठा गाठतात. बीड, अहिल्यानगर, जालना भागातील ऊसतोड कामगार दसरा-दिवाळीच्या सुमारास घर सोडतात, ते उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. दुष्काळी पट्ट्यातील मेंढपाळ कळप घेऊन कोकणाकडे उतरतात आणि मधमाशीपालक फुलोऱ्यामागे पेट्या हलवितात.

या सर्वांना आज बाजारभाव, हवामान, बँकेचा व्यवहार, फास्टॅगचा भरणा आणि घरची खुशाली या गोष्टी मोबाईलवरच मिळवाव्या लागतात. असे असूनही सिमकार्ड व रिचार्जची निवड बहुधा शेजाऱ्याचे पाहून किंवा दुकानदाराच्या सांगण्यावरून केली जाते. जमिनीचा पोत न पाहता वाण निवडावा, त्यातलाच हा प्रकार होय. प्रवासातील व परमुलखातील मुक्कामासाठी मोबाईल इंटरनेटची निवड कशी करावी, याची माहिती या लेखात दिली आहे.

१. गरज किती, ते आधी मोजावे

रिचार्ज घेताना बहुतेकांचे लक्ष 'रोज किती जीबी' याकडेच असते. माल घेऊन निघालेल्या बागायतदाराचा एका दिवसाचा कामापुरता वापर ढोबळमानाने पुढीलप्रमाणे असतो.

अ) व्हॉट्सॲपवरील संदेश व मालाचे २० फोटो : सुमारे ५ एमबी
ब) व्हॉट्सॲपवर ३० मिनिटे बोलणे : सुमारे १५ एमबी
क) १५ मिनिटे व्हिडिओ कॉल : सुमारे ७५ एमबी
ड) नकाशा पाहत १० तास प्रवास : सुमारे ५० एमबी
इ) बाजारभाव, हवामान, पैशांची देवघेव : सुमारे ५० एमबी

ही बेरीज २०० एमबीच्या आसपास येते. १ जीबी म्हणजे १०२४ एमबी. म्हणजे रोजची १ जीबी ही मर्यादाही कामासाठी पाचपट आहे. डेटा संपतो तो चित्रफिती पाहण्यात. साधारण स्पष्ट दिसणारी चित्रफीत तासाला अर्धा ते एक जीबी डेटा खाते. यावरून लक्षात येईल की वाटेवरच्या माणसाची खरी अडचण जीबीची नसून रेंजची व रिचार्जच्या मुदतीची असते. म्हणून निवड करताना या दोन बाबींना अग्रक्रम द्यावा.

२. रेंज : निवडीचा पहिला निकष

मोबाईलच्या लहरी वेगवेगळ्या वारंवारितेच्या असतात. ७००, ८५० व ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी दूरवर जातात व भिंतीतूनही बऱ्यापैकी आत शिरतात. १८००, २१०० किंवा २३०० मेगाहर्ट्झच्या लहरींचा पल्ला त्या मानाने कमी असतो. ५-जी सेवेसाठी वापरली जाणारी ३३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातील लहर वेग भरपूर देते. परंतु टॉवरपासून फार दूर पोचत नाही. डोंगर, घाट व दऱ्या सर्वच लहरी अडवितात. त्यामुळे शहरात वेगवान ठरलेली सेवा घाटात किंवा नदीकाठच्या फडात तशीच चालेल, अशी खात्री बाळगू नये.

कोणत्याही कंपनीचे जाळे सर्वत्र सारखे नसते. एकाच तालुक्यात एका गावी एक कंपनी, तर दुसऱ्या गावी दुसरी कंपनी सरस ठरते. यासाठी पुढील पद्धतीने चौकशी करावी.

अ) दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या (ट्राय) २०२४ च्या सेवा-गुणवत्ता नियमांप्रमाणे प्रत्येक कंपनीने आपल्या क्षेत्राचे नकाशे संकेतस्थळावर देणे बंधनकारक आहे. आपल्या मार्गावरील व मुक्कामाच्या ठिकाणची गावे त्यावर पाहावीत.
ब) नकाशावर विसंबून न राहता मुक्कामाच्या गावातील किराणा दुकानदार, कारखान्याचा शेतकी कर्मचारी किंवा मागील हंगामात तेथे राहिलेल्या माणसास विचारावे.
क) ज्या जागी झोपडी किंवा वाडा पडणार, त्या जागेची चौकशी करावी. गावठाणात मिळणारी रेंज दोन किलोमीटरवरील फडात मिळेलच असे नाही.

३. दोन सिम, दोन वेगळ्या कंपन्या

वरील कारणांमुळे प्रवासी शेतकऱ्याने एकाच कंपनीवर भिस्त ठेवू नये. दोन सिमच्या हँडसेटमध्ये दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमकार्डे घालावीत. एकाच कंपनीची दोन सिमे घेतल्यास एका टॉवरच्या बिघाडाने दोन्ही बंद पडतात.

पहिले सिम बँक, आधार व शासकीय योजनांना जोडलेले असावे. ते शक्यतो बदलू नये. दुसरे सिम मार्ग व मुक्काम पाहून निवडावे. यूपीआयद्वारे पैसे देण्याघेण्यासाठी बँकेस जोडलेले सिम त्याच हँडसेटमध्ये असावे लागते. म्हणून नवे सिम घेतले की जुने काढून घरी ठेवण्याची चूक करू नये.

सिमची जोडी लावताना कंपन्यांच्या तंत्रातील फरक ध्यानात घ्यावा. जिओची सेवा २०१६ साली सुरू झाली, ती ४-जी वरच. तिच्याकडे २-जी नाही. जेथे ४-जी पोचत नाही तेथे त्या सिमवर साधे बोलणेही होत नाही. एअरटेल, व्ही व भारत संचार निगम यांच्याकडे २-जी सेवा असल्याने ४-जी नसलेल्या जागीही बोलणे व संदेश शक्य होतात. साधा बटणाचा फोनही त्यावर चालतो. भारत संचार निगमने २०२५ मध्ये स्वदेशी तंत्रज्ञानावर आधारित ४-जी सेवेचा देशव्यापी प्रारंभ केला. कामाच्या गावी निगमचा टॉवर असल्यास त्याचाही विचार अवश्य करावा.

रोमिंगच्या आकाराची भीती आता बाळगण्याचे कारण नाही. देशांतर्गत प्रवासात नेहमीचेच रिचार्ज सर्व राज्यांत चालते. अपवाद जम्मू-काश्मीरचा. तेथे बाहेरील राज्यातील प्रीपेड सिम न चालण्याचा निर्बंध अनेक वर्षांपासून आहे. तिकडे जावयाचे असल्यास निघण्यापूर्वी कंपनीकडे चौकशी करून पोस्टपेड जोडणीची व्यवस्था करावी.

४. हँडसेट पारखून घ्यावा

सिम चांगले आणि हँडसेट अपुरा असल्यास उपयोग होत नाही. खरेदीच्या वेळी दुकानदारास पुढील बाबी विचाराव्यात.

अ) हँडसेट कोणते 'बँड' घेतो ? ग्रामीण भागासाठी बँड ५ (८५० मेगाहर्ट्झ), बँड ८ (९००) व बँड २८ (७००) महत्त्वाचे आहेत. भारत संचार निगमची ४-जी सेवा ७०० व २१०० मेगाहर्ट्झवर आहे. बँड २८ नसलेल्या हँडसेटला तिचा पूर्ण लाभ मिळत नाही.
ब) दोन्ही सिमवर ४-जी चालते काय ?
क) बॅटरी किमान ५००० एमएएच आहे काय ?

केवळ ५-जी साठी जास्त पैसे खर्च करण्याची घाई करू नये. कामापुरत्या २०० एमबीसाठी ४-जी पुरेसे आहे.

चार-पाच माणसांची तुकडी एकत्र राहत असेल तर खिशात मावणारा वाय-फाय संच उपयोगी पडतो. मात्र त्याला वेगळे सिम, वेगळे रिचार्ज व रोजचे चार्जिंग लागते. दोघातिघांसाठी एका फोनचा हॉटस्पॉट पुरतो. त्यास संकेतशब्द अवश्य घालावा.

५. रिचार्जची मुदत आणि क्रमांकाची राखण

ही बाब सर्वांत महत्त्वाची असून तिच्याकडेच अधिक दुर्लक्ष होते. २८ दिवसांचे रिचार्ज म्हणजे महिना नव्हे. असे रिचार्ज वर्षात १३ वेळा करावे लागते. तुलना करताना रिचार्जच्या एकूण किमतीस दिवसांनी भागावे व रोजचा खर्च काढावा. ऊसतोडीसारख्या पाच-सहा महिन्यांच्या मुक्कामास ८४ दिवसांचे किंवा वर्षाचे रिचार्ज सोयीचे पडते. कारण फडातून दुकान गाठण्यात रोज बुडतो. 'अमर्याद' असे लिहिलेल्या योजनेतही रोजची मर्यादा संपल्यावर वेग एकदम कमी होतो, हे वाचून घ्यावे.

घरी राहिलेल्या वृद्धांच्या साध्या फोनला डेटाची गरज नसते. ट्रायने २०२४ च्या अखेरीस केलेल्या नियमानुसार कंपन्यांना फक्त बोलणे व संदेश यांचेही रिचार्ज ठेवावे लागते. ते मागून घ्यावे.

प्रीपेड क्रमांक सलग ९० दिवस वापरात नसल्यास कंपनी तो बंद करू शकते आणि काही काळानंतर तोच क्रमांक दुसऱ्या ग्राहकास दिला जातो. खात्यात किमान २० रुपये शिल्लक ठेवल्यास क्रमांक राखण्याची तरतूद आहे. परंतु तेवढ्याने ओटीपीचे संदेश येतीलच असे नाही. तोडीचा हंगाम ९० दिवसांहून मोठा असतो. बँक व पी.एम. किसानला जोडलेला क्रमांक या काळात बंद पडला, तर ई-केवायसी अडते, हप्ता अडकतो आणि आपल्या खात्याचा ओटीपी अनोळखी माणसाच्या हाती पडण्याचा धोका निर्माण होतो. यासाठी घर सोडण्यापूर्वी अशा क्रमांकाचे रिचार्ज परतीच्या तारखेपर्यंत पुरेल असे करावे. क्रमांक कायमचा बदलणे भाग पडल्यास आधी बँकेत व आधार केंद्रात नवा क्रमांक नोंदवावा, मगच जुना सोडावा.

क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय ३ जुलै २०१५ पासून देशभर आहे. इंग्रजीत 'पोर्ट' हा शब्द व त्यापुढे आपला क्रमांक लिहून १९०० या क्रमांकावर संदेश पाठवावा. सध्याच्या कंपनीत ९० दिवस पूर्ण झालेले असावेत. आलेला संकेतांक आपल्या राज्यात ४ दिवस चालतो. बदलास काही कामाचे दिवस लागतात, म्हणून हे काम निघण्याच्या आदल्या दिवशी न करता किमान १० दिवस आधी उरकावे.

६. सिम स्वतःच्याच नावावर

मुकादम, ट्रकमालक किंवा ओळखीच्या व्यक्तीच्या नावावरील सिम वापरू नये. त्या माणसाशी बिनसले की तो क्रमांक बंद करून घेऊ शकतो आणि आपले बँक खाते, मजुरीचा हिशेब व घरचा संपर्क एकाच वेळी तुटतो. तोडीस जाणाऱ्या भगिनींनीही शक्य तेथे आपल्या नावावर वेगळे सिम घ्यावे व स्वतःच्या बँक खात्यास तेच जोडावे. तसेच आपले सिम दुसऱ्यास देऊ नये. त्याच्या गैरवापराची चौकशी आपल्याकडेच येते. आपल्या नावावर किती सिम आहेत, हे 'संचार साथी' या शासकीय संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येते. हरवलेला हँडसेटही तेथूनच बंद करून घेता येतो. त्यासाठी *#०६# दाबून येणारा १५ अंकी क्रमांक वहीत लिहून ठेवावा.

७. वाटेतील व्यवस्थापन

१) मार्गाचा नकाशा घरच्या वाय-फायवर किंवा चांगल्या रेंजमध्ये आधीच फोनमध्ये उतरवून घ्यावा. नंतर इंटरनेट नसतानाही तो चालतो.
२) व्हॉट्सॲपमधील फोटो व चित्रफिती आपोआप उतरण्याची सोय बंद करावी.
३) रेंज क्षीण असताना फोन टॉवर शोधण्यात अधिक शक्ती खर्च करतो व बॅटरी लवकर उतरते. लांब घाटात किंवा रेंज नसलेल्या रानात फोन 'विमान' स्थितीत ठेवावा. जवळ पॉवर बँक बाळगावी.
४) फास्टॅगमध्ये संपूर्ण मार्गास पुरेल इतकी रक्कम निघतानाच भरावी. टोलनाक्यावर रेंजची वाट पाहण्यात वेळ जातो व नाशवंत माल उन्हात राहतो.
५) उघड्यावर मुक्काम करणाऱ्या मेंढपाळांनी व तोड कामगारांनी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेले 'दामिनी' ॲप ठेवावे. परिसरातील विजेची पूर्वसूचना त्यावर मिळते. ती मिळण्यासाठी इंटरनेट व स्थान दोन्ही चालू असावे लागतात.
६) रेल्वे स्थानकांवरील मोफत वाय-फाय नकाशा किंवा बाजारभाव पाहण्यास वापरावे, त्यावर बँकेचे व्यवहार टाळावेत.
७) संकटकाळी ११२ हा क्रमांक लावावा. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी जवळपासच्या दुसऱ्या कंपनीच्या जाळ्यावरून तो लागू शकतो.
८) परक्या बाजारात पैसे जमा झाल्याचा केवळ संदेश पाहून माल सोडू नये. रेंज मिळवून खात्याची शिल्लक स्वतः तपासावी. पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, हे पक्के लक्षात ठेवावे. फसवणूक झाल्यास ताबडतोब १९३० वर कळवावे.

८. कोणी काय निवडावे ?

ट्रकसोबत जाणारा बागायतदार : दोन कंपन्यांची ४-जी सिमे, दुसऱ्या सिमवर २८ दिवसांचे रिचार्ज, उतरविलेला नकाशा.

ऊसतोड कुटुंब : फडावरील रेंज पाहून घेतलेले एक डेटा सिम, बँकेचा क्रमांक परतीपर्यंत चालू, घरी राहणाऱ्यांना फक्त बोलण्याचे रिचार्ज.

मेंढपाळ व मधमाशीपालक : एक ४-जी सिम व एक २-जी सुविधा असलेल्या कंपनीचे सिम, मोठी बॅटरी, जवळ एक साधा बटणाचा फोन.

थोडक्यात, जीबीच्या आकड्यापेक्षा रेंज पाहावी, किमतीपेक्षा रोजचा खर्च पाहावा आणि बँकेशी जोडलेला क्रमांक कोणत्याही परिस्थितीत बंद पडू देऊ नये. निघण्यापूर्वी एक दिवस या कामास दिल्यास हंगामभराचा खोळंबा टळतो. प्रवासात पिकाविषयी सल्ला हवा असल्यास व इंटरनेट नसल्यास किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या विनामूल्य क्रमांकावर साध्या फोनवरूनही सकाळी ६ ते रात्री १० या वेळेत मराठीतून विचारणा करता येते. शेतकरी बंधू-भगिनींनी या सोयीचा लाभ घ्यावा.