सांध्यांचें दुखणें : एक नांव, अनेक रोग

वैनगंगेच्या कांठचें पवनी हें गांव एके काळीं रेशमी किनारीच्या कापडाकरितां नांवाजलेलें होतें. भोंवतालचा मुलूख धानाचा. पावसाळ्यांत रोवणी सुरू झाली म्हणजे तेथील स्त्रियांना दिवस दिवस चिखलांत ओणवें राहावें लागतें. मग गुडघे, कंबर वा बोटें धरलीं कीं त्या सर्व तक्रारींना ‘वात’ हें एकच नांव मिळतें. नांव एक असलें तरी रोग एक नसतो, आणि घोटाळा होतो तो येथेंच.

गुडघ्याची झीज हा सर्वपरिचित प्रकार. उतारवयांत हाडांच्या टोकांवरील कूर्चा विरळ होते. चालतांना दुखतें, बसल्यावर बरें वाटतें. अशा माणसानें अंथरूण धरणें हा कांहीं उपाय नव्हे. मांडीचे स्नायु बळकट केल्यानें व वजन उतरविल्यानें सांध्यावरील भार हलका होतो.

आमवाताची तऱ्हा निराळी. तो ऐन तिशी-चाळिशींतहि गांठतो, आणि पुरुषांपेक्षां स्त्रियांना अधिक. शरीराचें रक्षण करणारी यंत्रणाच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. दोन्ही हातांच्या बोटांचे लहान सांधे सुजतात. सकाळीं तासभर मूठ वळत नाहीं. दुपारपर्यंत हात मोकळे होतात, म्हणून दुखणें अंगावर काढलें जातें. तेवढ्या महिन्यांत आंत हाड कुरतडलें जातें, आणि एकदां वांकडीं झालेलीं बोटें कोणत्याहि गोळीनें सरळ होत नाहींत. पुणे जिल्ह्यांतील भिगवण येथें १९९६ सालीं सुरू झालेल्या पाहणींत १०० प्रौढांमागें सुमारें १८ जणांना सांध्यांचें वा स्नायूंचें दुखणें आढळलें. आमवात मात्र २०० मागें जेमतेम एकाला. एवढ्या गर्दींतून तो एक वेळेवर ओळखावयाचा असतो.

त्यावरील मुख्य औषध मेथोट्रेक्सेट. तें आठवड्यांतून एकदांच घ्यावयाचें असतें. रोज घेतल्यास प्राणावर बेतूं शकतें. सुशिक्षित घरांतहि ही चूक होते, म्हणून वार ठरवून चिठ्ठीवर लिहून ठेवावा. वेदनाशामक गोळ्या दुखणें थांबवितात, रोग नव्हे. आणि वर्षानुवर्षें घेतल्यास जठर व मूत्रपिंड यांना इजा करतात. बिननांवाच्या पुड्यांत तर पुष्कळदां स्टेरॉईड मिसळलेलें असतें. गुण झटपट येतो तो त्यामुळेंच!

भंडाऱ्याकडे आणखी एका रोगाची आठवण ठेवणें अवश्य आहे. तो सिकलसेल. त्यांत रक्तांतील तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्या तुंबवितात. हातपाय ठणकतात, कधीं रक्ताअभावीं खुब्याच्या हाडाचें डोकें मरतें. लहान मुलाच्या वा तरुणाच्या अशा दुखण्यावर वाताचें तेल चोळीत बसण्यापूर्वीं त्याचें रक्त तपासून घ्यावें.